विकिरण दिलेली बाजू कमी ऑक्सिडाइज झाली, असं कसं? (झिरकोनियम-नायोबियमचे पातळ थर)

थरावरथर – सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. नागपुरातच पीएचडी करतोय, विषय धातूंचे बहुथर. गाइडांसमोर जायच्या आधी इथे विचारून घेतो.

सिलिकॉनवर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते बसवायची पद्धत) झिरकोनियम आणि नायोबियमचे आलटून-पालटून थर दिलेत. प्रत्येक थर ६ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात वर झिरकोनियम, एकूण जाडी शंभरच्या थोडी वर. त्यावर २०० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे आरगॉन आयन सोडले, फ्लुएन्स (पडलेल्या आयनांची संख्या) चौरस सेंटिमीटरला १० चा १६वा घात. तुकड्याचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकून ठेवला होता. चेंबरमधून काढला तेव्हा दोन्ही अर्धे सारखेच चंदेरी. मग ट्यूब फर्नेसमध्ये साध्या हवेत ४०० अंश सेल्सिअसला तापवला. आता झाकलेली बाजू गर्द निळी झालीय आणि आयन खाल्लेली बाजू सोनेरी. मधे फॉइलच्या कडेची सरळ रेघ.

आजवर जे वाचलं त्याचा सूर एकच: विकिरणाने रिक्त जागा (अणू निघून गेलेली ठिकाणं) वाढतात, रिक्त जागांमुळे अणू झपाट्याने सरकतात, म्हणजे ऑक्सिडेशन जास्त व्हायला हवं. माझ्या तुकड्यात उलटं दिसतंय. कुठून सुरुवात करू?

टिग_भाऊ – सोमवार, रात्री १०:४८

भाऊ, मी काही पीएचडी-बिएचडी नाही. हिंगणा एमआयडीसीत स्टेनलेसचं फॅब्रिकेशन करतो. पण रंगाचं विचारशील तर रोजचं काम आहे. टिग वेल्डिंग मारल्यावर जोडाच्या बाजूला पट्टे उठतात ना, लांबचा पट्टा सोनेरी, मग जांभळा, मग निळा. जोडाच्या जवळ, म्हणजे जिथं जास्त तापलं तिथं निळा. सोनेरी म्हणजे ऑक्साइड पातळ, निळा म्हणजे जाड.

पण थांब बावा. निळ्याच्या पुढे अजून तापवलं तर रंग फिका पडते आणि पुन्हा पिवळसर येते. तुझा सोनेरी पहिल्या फेरीतला कशावरून? दुसऱ्या फेरीतला असला तर तो निळ्याहून जाड. मग तुझा प्रश्नच उलटा होते.

भिंग घे आणि फॉइलच्या कडेची रेघ पाहा. सोनेरी आणि निळ्याच्या मधे जांभळी किनार दिसली तर सोनेरी पातळ. फिकी आकाशी किनार दिसली तर सोनेरी जाड.

रिक्ती – सोमवार, रात्री ११:३०

टिग_भाऊंना दंडवत. या प्रश्नावर एवढं नेमकं उत्तर सेमिनारमध्येही क्वचित मिळतं.

थरावरथर, मी मूळची नागपूरचीच, आता कामानिमित्त दक्षिणेत असते आणि दिवसभर आयन आणि फिल्म हेच करते. आधी ती किनार पाहा, मग सविस्तर लिहिते. फॉइल तुकड्याला अगदी चिकटून नसतं, त्यामुळे कडेपाशी कमी डोस मिळालेला अरुंद पट्टा राहतोच. साध्या प्रकाशीय मायक्रोस्कोपखाली तो दिसायला हवा.

निवृत्त_मास्तर – मंगळवार, सकाळी ७:०५

अर्धा भाग झाकून ठेवलास हे उत्तम केलंस. बरेच विद्यार्थी विकिरण दिलेला एक तुकडा आणि कपाटात ठेवलेला दुसरा यांची तुलना करतात आणि चेंबरमध्ये काय काय होतं ते सोयीस्करपणे विसरतात.

हिशेब सांगतो. १० चा उणे ६वा घात टॉर एवढ्या निर्वातात पृष्ठभागावर उरलेल्या वायूच्या रेणूंचा जो मारा होतो, तो प्रत्येक रेणू चिकटला असं धरलं तर सेकंदाला एक अख्खा रेणुथर. झिरकोनियमसारखा हावरा धातू त्यातला बराचसा ऑक्सिजन आणि पाणी पकडतो. म्हणजे 'निर्वातात' ठेवलेला तुकडासुद्धा त्या चेंबरमध्ये ऑक्सिजन खात बसलेला असतो. तुझ्या दोन्ही अर्ध्यांनी तो जवळपास सारखाच खाल्ला.

उष्णतेचंही तसंच. २०० किलोव्होल्ट गुणिले १ मायक्रोॲम्पिअर म्हणजे ०.२ वॅट. ऐकायला क्षुल्लक, पण निर्वातात तुकडा होल्डरला नीट चिकटलेला नसेल तर ती उष्णता जायला वाटच नसते. सिलिकॉन उष्णतेचा चांगला वाहक आहे, त्यामुळे झाकलेला अर्धाही तेवढाच तापला असणार. हाही फरक कटला.

जे कटत नाही ते असं. एक, निर्वातातली हायड्रोकार्बनची वाफ बीमखाली तुटते आणि कार्बनचा थर बसतो, तोही फक्त उघड्या बाजूवर. तू म्हणतोस बाहेर काढल्यावर दोन्ही बाजू चंदेरी होत्या, म्हणजे जाड थर नसावा, पण एक-दोन नॅनोमीटर डोळ्यांना कळत नाही. दोन, आयनांनी वरचे अणू उडवले. चौरस सेंटिमीटरला १० चा १६वा घात एवढे आयन, प्रत्येकाने सरासरी एक अणू उडवला तरी झिरकोनियमचा २.३ नॅनोमीटर गेला. दोन उडवले तर ४.६. तुझा वरचा थरच ६ चा! सोनेरी बाजूवर झिरकोनियमचं झाकण पूर्ण उरलंय का, ते आधी बघ.

सीताबर्डीकर – मंगळवार, सकाळी ९:१५

वाचतोय. निम्मं डोक्यावरून गेलं, पण टिग_भाऊंची पोस्ट तर्री-पोह्यांसारखी थेट लागली.

कोराडीकर – मंगळवार, दुपारी १:४०

मी वीज केंद्रातला माणूस. आमच्याकडे बॉयलरच्या नळ्यांत वाफेच्या बाजूने ऑक्साइड वाढतो, जाड झाला की सुटतो आणि पुढे टर्बाइनपर्यंत त्रास देतो. तिथे विकिरणाचा प्रश्नच नाही. मग हे आयन-बियन नेमकं कशासाठी? अणुभट्टीसाठी असेल तर तिथे न्यूट्रॉन असतात ना, आरगॉन कुठून आला?

रिक्ती – मंगळवार, रात्री ९:१०

कोराडीकर, प्रश्न रास्त आहे. न्यूट्रॉनने नमुना मारायचा तर भट्टीत महिने-वर्षं ठेवावा लागतो आणि बाहेर येतो तो किरणोत्सारी होऊन. आयनांनी तेवढ्याच अणूंची उलथापालथ काही मिनिटांत किंवा तासांत होते आणि नमुना हातात धरता येतो. पण नुकसान वरच्या थोड्याच जाडीत होतं आणि फार वेगाने होतं, त्यामुळे आयन म्हणजे हुबेहूब न्यूट्रॉन नव्हेत. कुणी तसं विकलं तर घेऊ नका.

अणुभट्टीतला एक दाखला मात्र या धाग्याच्या मुळाशी जातो. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत प्रेशर ट्यूब सुरुवातीला झिरकलॉय-२ च्या असत, नंतर झिरकोनियम-अडीच टक्के नायोबियमच्या आल्या. दोन्ही ३०० अंशांच्या आसपासच्या पाण्यात आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यात राहतात. झिरकलॉय-२ मध्ये लोह-क्रोमियमचे बारीक कण असतात, ते गंज आटोक्यात ठेवायला मदत करतात. विकिरणाने ते कण अस्फटिकी होतात, विरघळतात, आणि गंज वाढू शकतो. झिरकोनियम-नायोबियममध्ये बरोबर उलट. विकिरणाने झिरकोनियमच्या दाण्यांतला जास्तीचा नायोबियम अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतो आणि गंज मंदावतो. तेच न्यूट्रॉन, दोन्हीकडे मूळ धातू झिरकोनियमच, आणि परिणाम विरुद्ध. तेव्हा 'विकिरणाने ऑक्सिडेशन वाढतं' हे वाक्य अर्धवट आहे. कशात, कधी आणि काय बदललं हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

थरावरथर, आता तुझ्याबद्दल. तुझ्या प्रश्नातला 'कधी' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तू आधी विकिरण दिलंस आणि नंतर तापवलंस. आयन पडत होते तेव्हा वर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा नैसर्गिक ऑक्साइड होता. आत्ता जो सोनेरी किंवा निळा ऑक्साइड दिसतोय तो तेव्हा जन्मलाच नव्हता. झिरकोनियमच्या बाबतीत आत सरकतो तो ऑक्सिजन, आणि तो सरकतो ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या रिक्त जागांतून. म्हणजे वेग ठरवतो तो ऑक्साइड. धातूत तू हव्या तेवढ्या रिक्त जागा केल्यास तरी ४०० अंशांपर्यंत तापताना त्यातल्या बहुतेक भरून निघतात किंवा सीमांवर जिरतात. थरांच्या सीमा तर दोष गिळण्यात पटाईत, म्हणूनच अशा बहुथरांना विकिरण-सहनशील म्हणतात. पुस्तकी समजूत भट्टीतल्या परिस्थितीला जास्त लागू पडते, कारण तिथे विकिरण आणि ऑक्सिडेशन एकाच वेळी चालतं आणि नुकसान थेट वाढत्या ऑक्साइडमध्ये होतं.

मग तुझ्या विकिरणातलं काय टिकून राहिलं, जे नव्या ऑक्साइडला वारशात मिळालं? माझा पहिला संशय मिसळणीवर. आयनांच्या धडकांनी झिरकोनियम आणि नायोबियम एकमेकांत ढकलले गेले. या जोडीला कमी तापमानात एकमेकांत विरघळायची हौस नाही, मिश्रणाची उष्णता धन आहे. तरी ढकलाढकली रसायनाला विचारत नाही. आणि ४०० अंशांना हे अणू इतके आळशी असतात की पुन्हा वेगळे होऊन पूर्वीचे थर काही जमत नाहीत.

दुसरा संशय स्तंभांवर. स्पटर केलेली फिल्म बहुधा उभ्या स्तंभांची असते आणि स्तंभांच्या मधल्या फटी म्हणजे ऑक्सिजनची आडवाट. आयनांच्या माऱ्याने त्या फटी काही अंशी बुजू शकतात. हे दोन्ही संशयच आहेत, पुरावा तुला आणावा लागेल.

थरावरथर – बुधवार, दुपारी ४:२५

किनार पाहिली! सोनेरी आणि निळ्याच्या मधे केसासारखी जांभळी रेघ आहे. आकाशी कुठेच नाही. टिग_भाऊ, तुम्हाला संत्रा बर्फी लागू.

म्हणजे सोनेरी बाजू खरंच पातळ. मास्तर, झाकणाचं बघायला आरबीएस (हेलियम आयन मारून परत फिरलेल्यांची ऊर्जा मोजायची चाचणी) करावं का?

टिग_भाऊ – बुधवार, संध्याकाळी ६:०२

बर्फी बर्डीवर आणून दे.

निवृत्त_मास्तर – बुधवार, संध्याकाळी ७:३०

आरबीएसने तुझं काम होणार नाही. परत फिरलेल्या हेलियमची ऊर्जा समोरच्या अणूच्या वस्तुमानावर ठरते. झिरकोनियम ९१.२, नायोबियम ९२.९. नेहमीच्या शोधकाला हे दोघे जुळे भाऊ दिसतील. वरचा थर कुणाचा आणि खालचा कुणाचा, काही कळायचं नाही. ऑक्सिजन किती आहे तेवढं मात्र मोजता येईल, ३.०४ एमईव्ही हेलियम वापरलास तर. तिथे ऑक्सिजन-१६ चा अनुनाद आहे, एरवी अशक्त असणारी खूण ठळक होते.

थरांसाठी क्ष-किरण परावर्तन कर, एक्सआरआर. इथे मात्र दोघे वेगळे दिसतात, कारण झिरकोनियमची घनता ६.५ आणि नायोबियमची ८.५७. तांब्याच्या नळीचे किरण, १२ नॅनोमीटरची जोडी, म्हणजे टू-थीटा कोनात साधारण दर पाऊण अंशाला एक शिखर. झाकलेल्या बाजूवर चार-पाच शिखरं आणि उघड्या बाजूवर एखादंच उरलं असेल तर मिसळण झाली हे कागदावर आलं. वरून किती नॅनोमीटर उडाले तेही त्याच आलेखाच्या जुळवणीतून निघेल.

तापवलेल्या तुकड्यावर नको, त्याच बॅचच्या न तापवलेल्या तुकड्यावर कर. शिल्लक आहे ना?

थरावरथर – बुधवार, रात्री ९:५०

शिल्लक आहे, तोही अर्धा झाकलेलाच. डेसिकेटरमध्ये ठेवलाय, पण पावसाळ्यात त्यातली सिलिका जेल गुलाबी झाली होती, म्हणजे आत ओल शिरली. ऑक्साइड वाढला असेल का?

रिक्ती – बुधवार, रात्री ११:१५

फारसा नाही. खोलीच्या तापमानाला पहिला पातळ ऑक्साइड त्याच्याच आतल्या विद्युत क्षेत्राच्या जोरावर वाढतो आणि जाडी वाढली की क्षेत्र मंदावतं. कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४० च्या दशकाअखेरीस मांडलेलं गणित हेच. दोन-चार नॅनोमीटरवर गाडी जवळपास थांबते. जेल बदल आणि पुढे जा.

आता एक गंमत. झिरकोनियमचा ऑक्साइड मूळ धातूच्या १.५६ पट जागा घेतो, नायोबियमचा साधारण २.७ पट. तुझ्या ६ नॅनोमीटर झिरकोनियमचा ऑक्साइड ९.४, आणि ६ नॅनोमीटर नायोबियमचा १६.२. एक जोडी पूर्ण ऑक्सिडाइज झाली की २५.६, दोन जोड्या झाल्या की ५१. रंगावरून माझा ढोबळ अंदाज सोनेरीला पंचवीस-तीस आणि निळ्याला पन्नास-साठ. म्हणजे झाकलेल्या बाजूत दोन जोड्या गेल्या आणि विकिरणाच्या बाजूत जेमतेम एकीएवढा माल गेला, असं दिसतंय. आकडे जुळले म्हणून नाचू नकोस, रंगावरून जाडी म्हणजे अंदाजच. पण कुठे बघायचं ते यातून कळतं: नायोबियमच्या थरात.

तो थर २.७ पट फुगला की वरच्या झिरकोनियम-ऑक्साइडला खालून ताण बसतो, भेगा पडतात, आणि ऑक्सिजनला सरळ रस्ता मिळतो. त्यात खालचा झिरकोनियम हावरट. एक मोल ऑक्सिजनमागे झिरकोनियम-ऑक्साइड बनताना १०४० किलोज्यूलच्या आसपास मुक्त ऊर्जा सुटते, नायोबियमच्या ऑक्साइडला ७०६. म्हणजे नायोबियमला मिळालेला ऑक्सिजन खालचा झिरकोनियम हिसकावून घेऊ शकतो. शिवाय झिरकोनियम ऑक्साइड न बनताही अणुसंख्येच्या २९ टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन नुसता विरघळवून ठेवतो, आणि ते रंगात दिसत नाही. विकिरणाच्या बाजूत सलग नायोबियम थरच उरला नसेल, सगळं मिसळलेलं असेल, तर एकाच पट्ट्यात एवढी फुगवण होणार नाही आणि भेगाही कमी. हा माझा पैजेचा घोडा.

शंकासुर – गुरुवार, सकाळी १०:४०

रिक्तीताई, पैज ठीक आहे, पण सोनेरी बाजूने रंगात न दिसणारा ऑक्सिजन पोटात विरघळवून ठेवला असेल तर 'कमी ऑक्सिडाइज झाली' हे विधानच डळमळतं. कमी ऑक्साइड आणि कमी ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी. त्या ३.०४ एमईव्हीच्या मोजणीशिवाय शीर्षकातलं 'कमी' मला मान्य नाही.

आणि डीपीए (प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून हलला तो आकडा) कुठाय? नुसता फ्लुएन्स देऊन दुसऱ्याच्या कामाशी तुलना कशी करणार?

निवृत्त_मास्तर – गुरुवार, दुपारी १२:१०

शंकासुर, पहिला मुद्दा पूर्ण मान्य.

डीपीए काढणं सोपं आहे. स्रिम या आयनांच्या संगणकीय प्रोग्राममधून दर आयनामागे दर अँगस्ट्रॉमला किती रिक्त जागा ते घ्यायचं, १० चा ८वा घात आणि फ्लुएन्सने गुणायचं, अणुघनतेने भागायचं. झिरकोनियमची घनता ४.२९ गुणिले १० चा २२वा घात. अँगस्ट्रॉमला एक रिक्त जागा धरली तर या फ्लुएन्सला २३ डीपीए. पण स्रिम उघडल्या उघडल्या विस्थापन ऊर्जा (अणू जागेवरून हलवायला लागणारी) २५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, ती तशीच ठेवायची नाही. झिरकोनियमला ४०, नायोबियमला ६० घाल. आणि 'क्विक' पर्याय वापरलास की 'फुल कॅस्केड', ते प्रबंधात लिही. दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक पडतो आणि परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतात. शिवाय स्रिमला तापमान माहीत नाही आणि रिक्त जागा भरून निघतात हेही माहीत नाही. तो आकडा म्हणजे किती अणू हलवले, किती दोष उरले ते नव्हे.

२०० केईव्ही आरगॉन शंभरेक नॅनोमीटर आत जाऊन थांबतो, म्हणजे तुझा आरगॉन फिल्मच्या तळाकडे आहे आणि नुकसानीचं शिखर त्याच्या थोडं वर. ऑक्साइड वाढला तो वरच्या २५-३० नॅनोमीटर धातूत. डीपीए त्या वरच्या पट्ट्याचा दे, शिखराचा नको.

थरावरथर – गुरुवार, रात्री ८:३५

सगळ्यांचे आभार. एक्सआरआर पुढच्या आठवड्यात होईल, स्लॉट मिळालाय. ऑक्सिजनच्या मोजणीसाठी बीम टाइमचा अर्ज लिहायला घेतोय. तोपर्यंत तापवलेल्या तुकड्याचं एक्सपीएस डेप्थ प्रोफाइल (खणत खणत क्ष-किरणांनी प्रत्येक खोलीवरचं रसायन पाहायचं) आणि जमलं तर एफआयबीने (आयनांच्या बारीक झोताने) काप काढून टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. नायोबियमचे खालच्या पायरीचे, म्हणजे कमी ऑक्सिजनवाले ऑक्साइड सीमेवर सापडले तर हिसकावून घेण्याची गोष्ट सिद्ध होईल ना?

रिक्ती – गुरुवार, रात्री १०:५५

नाही होणार. डेप्थ प्रोफाइलमध्ये तू आरगॉननेच खणतोस, आणि त्या माऱ्याने नायोबियम पेंटॉक्साइडमधला ऑक्सिजन आधी उडतो. मूळ नमुन्यात एनबीओ-टू किंवा एनबीओ नसले तरी खणताना तयार होतात. झिरकोनियम-ऑक्साइडला हा रोग बराच कमी. तेव्हा शुद्ध पेंटॉक्साइडचा एक तुकडा त्याच सेटिंगला खणून बाजूला ठेव, आणि त्याच्यापेक्षा जास्त काही दिसलं तरच बोल. झिरकोनियम आणि नायोबियम एक्सपीएसमध्ये वेगळे मात्र छान दिसतात, धातूची शिखरं १७९ आणि २०२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास.

टीईएमचा काप जांभळ्या रेघेवर आडवा घ्यायला सांग, म्हणजे दोन्ही बाजू एकाच कापात येतील. एफआयबीतही गॅलियमचे आयनच असतात, आणि तुझा सगळा प्रश्न वरच्या पन्नास नॅनोमीटरचा. प्लॅटिनमचा पहिला थर इलेक्ट्रॉन बीमने घालायला सांग, आयन बीमने नको. ऑपरेटर घाईत असेल तर तो थेट आयन बीम लावेल. समोर उभा राहा.

टिग_भाऊ – गुरुवार, रात्री ११:२०

आणि कापायच्या आधी त्या रेघेचा फोटो इथं टाक बे. आमच्या पोरांना दाखवतो.

थरावरथर – शुक्रवार, सकाळी ८:१५

टाकतो भाऊ. मायक्रोस्कोपचा कॅमेरा आज दुसऱ्या ग्रुपकडे आहे, दुपारी मिळेल.